पोअर-ओव्हरच्या साहित्यावर बर्फाची कॉफी: बर्फ हेही मोजायचे पाणीच

पारंबी:

पोअर-ओव्हर म्हणजे कॉफीच्या पुडीवर हाताने गरम पाणी ओतून ती गाळण्याची रीत. तिचे ड्रिपर (कागद बसवायची गाळणी), कागदी फिल्टर, वजनकाटा आणि बारीक नळीची किटली एवढे साहित्य ज्यांच्या घरी आहे, त्यांना चांगल्या थंड कॉफीसाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. तरीही या साहित्यावर केलेली बर्फाची कॉफी पाणचट लागते, अशी तक्रार वारंवार वाचायला मिळते. तिचे कारण बहुतेक वेळा एकच असते. कॉफी नेहमीच्या मापाने गाळली जाते आणि बर्फ नंतर, केवळ गार करण्यासाठी, हाताला येईल तेवढा टाकला जातो. माझे म्हणणे एवढेच आहे की बर्फ हा कृतीतल्या पाण्याचाच भाग आहे, म्हणून तो सुरुवातीला मोजावा आणि तेवढे गरम पाणी कमी करावे.

हे केवळ अंदाजाने म्हणत नाही. साधा हिशेब मांडून पाहू. २० ग्रॅम कॉफीवर ३०० ग्रॅम गरम पाणी ओतले, तर कॉफीचा चोथा स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणजे खाली सुमारे २६० ग्रॅम कॉफी उतरते. ती ८० अंश सेल्सिअसला आहे असे धरले आणि तिला सात-आठ अंशांपर्यंत आणायचे ठरवले, तर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधून काढलेला जवळजवळ १९५ ग्रॅम बर्फ तिच्यात वितळावा लागतो. पेय ४५५ ग्रॅमचे होते. कॉफीतून २० टक्के, म्हणजे ४ ग्रॅम अर्क (पाण्यात विरघळलेली कॉफीतली द्रव्ये) उतरला असेल, तर त्याचे पेयातले प्रमाण ०.८८ टक्के भरते. गाळलेल्या कॉफीसाठी १.१५ ते १.३५ टक्के हा पट्टा फार पूर्वीपासून चांगला मानला जातो. १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्न्स्ट लॉकहार्ट यांनी तयार केलेल्या आलेखापासून तो प्रचलित आहे. त्या पट्ट्याच्या कितीतरी खाली गेलेली कॉफी पाणचट लागली, तर दोष कॉफीच्या बियांचा नाही.

आता तीच २० ग्रॅम कॉफी घ्या, पण गरम पाणी २०० ग्रॅम ठेवा आणि खालच्या सर्व्हरमध्ये (कॉफी उतरते त्या भांड्यात) आधीच १२० ग्रॅम बर्फ मोजून ठेवा. एकूण पाणी ३२० ग्रॅम, म्हणजे कॉफीच्या १६ पट झाले. खाली १६० ग्रॅम गरम कॉफी उतरते आणि ती थेट बर्फावर पडते. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने बदलायला एक कॅलरी लागते, या मापाने १६० ग्रॅम कॉफीला ८० अंशांवरून शून्यावर आणायला १२,८०० कॅलरी काढून घ्याव्या लागतील. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी शोषतो. त्याआधी उणे १८ वरून शून्यावर येताना आणखी ९ शोषतो. म्हणजे १२० ग्रॅम बर्फ १०,६८० कॅलरी घेतो. उरलेल्या २,१२० कॅलरी २८० ग्रॅम पेयात वाटल्या की तापमान साडेसात अंशांच्या आसपास येते. प्रत्यक्षात काच आणि भोवतालची हवा यांची उष्णता मिसळते, त्यामुळे ते एक-दोन अंश वर राहील. बर्फ जवळजवळ सगळा वितळतो, कॉफी पिण्याइतकी गार होते आणि अर्काचे प्रमाण १.४३ टक्के राहते. हे पट्ट्याच्या किंचित वर आहे, आणि ते तसेच असायला हवे, कारण ही कॉफी पेल्यात नव्या बर्फावर ओतली की आणखी वीसेक ग्रॅम पाणी तिच्यात उतरते आणि प्रमाण १.३३ च्या जवळ येऊन थांबते.

कृती पुढीलप्रमाणे. कागद ड्रिपरमध्ये बसवून गरम पाण्याने भिजवा आणि ते पाणी टाकून द्या. हे बर्फ ठेवण्यापूर्वी करायचे आहे, नाहीतर मोजलेला बर्फ तिथेच वितळू लागेल. मग सर्व्हर काट्यावर ठेवून १२० ग्रॅम बर्फ भरा, वर ड्रिपर ठेवा, कॉफी घाला आणि काटा शून्यावर आणा. उकळी येऊन नुकतेच शांत झालेले पाणी वापरा. पहिल्यांदा ५० ते ६० ग्रॅम पाणी घालून सगळी पूड भिजवा आणि ४५ सेकंद थांबा. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. तो या वेळात बाहेर पडतो, पूड फुगून वर येते आणि पुढचे पाणी तिच्यात सारखे शिरते. त्यानंतर १०० पर्यंत, मग १५० पर्यंत, मग २०० पर्यंत अशा तीन लहान धारा घाला. प्रत्येक वेळी आधीचे पाणी बरेचसे खाली उतरू द्या. एकूण वेळ तीन मिनिटांच्या आसपास असावा.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळता येत नाही. बर्फाच्या पाण्याने कॉफीतून काहीही उतरवलेले नसते. सगळे काम त्या २०० ग्रॅम गरम पाण्यानेच करायचे असते. पाणी एक तृतीयांश कमी झाले की नेहमीच्या दळणावर अर्क अपुरा उतरतो आणि कॉफी आंबट व पोकळ लागते. म्हणून दळण नेहमीपेक्षा दळणयंत्रावरच्या एक-दोन खुणा बारीक करावे, पाणी शक्य तितके गरम ठेवावे आणि धारा लहान ठेवाव्यात. अनेक जण अशा वेळी कॉफीची पूडच वाढवतात. तसे केल्याने पेय दाट होते, पण आंबटपणा तसाच राहतो, किंबहुना वाढतो, कारण प्रत्येक ग्रॅम कॉफीच्या वाट्याला आता आणखी कमी पाणी येते.

इतरांचे अनुभव आणि मतभेद वाचायला आवडतील.

रानवारा:

धागा आवडला आणि हिशेब पटला. मला एक वेगळी वाट सुचवायची आहे. बर्फ कॉफीत घालायचाच कशाला? ३०० ग्रॅम पाण्यावर नेहमीसारखी कॉफी गाळावी, ती स्टीलच्या पातळ भांड्यात घ्यावी आणि ते भांडे बर्फ व पाणी भरलेल्या मोठ्या पातेल्यात ठेवून ढवळत राहावे. काही मिनिटांत कॉफी गार होते आणि एक थेंबही पाणी वाढत नाही. दळण बदलावे लागत नाही आणि अर्क पूर्ण उतरतो. केनिया किंवा इथिओपियाच्या हलक्या भाजलेल्या बिया मी अशाच गार करतो, कारण त्या बियांतून पुरेसा अर्क उतरवायला २०० ग्रॅम पाणी फार अपुरे पडते असे माझे मत आहे.

पारंबी:

रानवारा, तुमचा मुद्दा मोलाचा आहे आणि हलक्या भाजणीच्या बियांबाबत मी तो बऱ्याच अंशी मान्य करते. पातेल्यातला बर्फ पाण्यात बुडालेला असणे मात्र महत्त्वाचे आहे. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांवर भांडे ठेवले, तर मोजक्या ठिकाणीच स्पर्श होतो आणि मधल्या हवेतून उष्णता फारच हळू जाते. काचेचा सर्व्हर त्या पाण्यात ठेवू नये. काच उष्णता हळू वाहून नेते आणि तडकण्याचाही धोका असतो.

मला बर्फावर गाळणे अधिक पसंत आहे ते सुगंधासाठी. गरम कॉफीतून सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर सतत निघून जात असतात. बर्फावर पडलेला थेंब क्षणात गार होतो आणि त्यातले बरेच काही द्रवातच राहते. भांड्यात ढवळत गार केलेल्या कॉफीला ती काही मिनिटे गरम राहण्याची किंमत मोजावी लागते. एकाच बियांची कॉफी दोन्ही रीतींनी करून शेजारी शेजारी प्यायली, तर बर्फावर गाळलेली नाकाला अधिक भरलेली लागते आणि भांड्यात गार केलेली जिभेला अधिक गोड व गोलसर लागते, असे माझे निरीक्षण आहे. कोणती घ्यायची हा आवडीचा प्रश्न आहे.

चौकस:

माझा प्रश्न बर्फाविषयी आहे. माझ्याकडे फ्रीझरमधला बर्फ एका डब्यात काढून ठेवलेला असतो आणि कॉफी करेपर्यंत तो ओलसर होतो. वजन तर तेवढेच भरते, मग फरक पडतो का? शिवाय बर्फ कोणत्या पाण्याचा असावा? मी कॉफीसाठी गाळलेले पाणी वापरतो, पण बर्फ साध्या नळाच्या पाण्याचा असतो.

पारंबी:

वजन तेवढेच भरले, तरी गारवा तेवढा भरत नाही. फ्रीझरमधून काढल्याबरोबर बर्फ कोरडा असतो आणि बोटांना चिकटतो. तो उणे तापमानाला असल्याची ती खूण आहे. ओला, चकचकीत झालेला बर्फ शून्य अंशाला आलेला असतो. वरच्या उदाहरणात १२० ग्रॅम बर्फ शून्याला असता, तर तो ९,६०० कॅलरीच घेऊ शकला असता आणि पेय साडेसात अंशांऐवजी साडेअकरा अंशांवर थांबले असते. त्याच्या अंगावरचे पाणी तर आधीच वितळलेले असते. ते वजनात धरले जाते, पण वितळताना शोषायच्या त्या ८० कॅलरी ते पुन्हा शोषत नाही. म्हणून कागद भिजवून, कॉफी दळून, पाणी उकळून झाल्यावर अगदी शेवटी बर्फ काढावा.

पाण्याविषयी तुम्ही योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. या कृतीत पाण्याचा जवळजवळ ३७ टक्के भाग बर्फातून येतो, त्यामुळे बर्फाला क्लोरीनचा किंवा फ्रीझरचा वास असेल, तर तो पेयात उतरणारच. बर्फ वास सहज धरतो. तो झाकणाच्या साच्यात जमवावा आणि फार दिवस साठवू नये. गरम पाण्याचे काम वेगळे असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे थोडे क्षार असले, तर कॉफीतून अर्क चांगला उतरतो. क्षार पूर्ण काढलेल्या पाण्यात कॉफी सपाट लागते, आणि फार जड पाण्यात तिची आंबट-फळांसारखी चव दबून जाते. बर्फाने अर्क उतरवायचा नसतो, त्यामुळे तो अगदी कमी क्षारांच्या पाण्याचा असला तरी चालतो. तो निर्गंध असणे पुरेसे आहे.

दवबिंदू:

मी कोल्ड ब्रूच्या बाजूने बोलणार आहे. जाड दळलेली कॉफी थंड पाण्यात १२ ते १८ तास भिजवली की काम झाले. किटली धरून धार सांभाळावी लागत नाही, आणि ती पोटाला सौम्य असते, कारण तिच्यात आम्ल कमी असते. इतकी खटपट करून गरम पाण्याने कॉफी काढायची आणि मग तीच गार करायची, यामागचे कारण मला अजून पूर्ण पटलेले नाही.

तळटीप:

दवबिंदू, आम्लतेबाबत थोडी भर घालतो. २०१८ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात फिलाडेल्फियातील दोन संशोधिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या ठिकाणच्या बियांची थंड आणि गरम पाण्यातली कॉफी त्यांनी तपासली. दोन्हींचा सामू (आम्लतेचे माप, पीएच) जवळजवळ सारखाच, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान आढळला. मात्र मोजता येणाऱ्या एकूण आम्लांचे प्रमाण गरम कॉफीत जास्त होते. म्हणजे कोल्ड ब्रू कमी आंबट लागते हा अनुभव खोटा नाही, पण ती आम्लरहित असते असे म्हणता येणार नाही. पोटाला ती किती मानवते, हे या आकड्यांवरून ठरवू नये.

पारंबी:

तळटीप यांच्या प्रतिसादात मुख्य मुद्दा आलाच आहे. दवबिंदू, दोन पेयांत फरक आहे तो याच आम्लांमुळे आणि सुगंधामुळे. थंड पाणी कॉफीतली अनेक द्रव्ये फार हळू किंवा अपुरी उतरवते. त्यामुळे कोल्ड ब्रू चॉकलेट, गूळ, भाजलेले दाणे अशा चवींकडे झुकते आणि बहुतेक बिया तिच्यात एकमेकींसारख्या लागू लागतात. ज्या बियांत फुलांचा किंवा लिंबूवर्गीय फळांचा सुगंध आहे, त्यांचे वेगळेपण गरम पाण्यानेच बाहेर येते. तो सुगंध गार पेल्यात हवा असेल, तर ही खटपट करावी. गडद भाजलेली कॉफी दुधासह प्यायची असेल, तर तुमची रीत सोपी आहे आणि मी तिच्या विरुद्ध नाही.

सोनचाफा:

मी आज आपल्या मापांनी कॉफी केली. ती दाट झाली, पण जिभेच्या दोन्ही बाजूंना झोंबणारा आंबटपणा आला आणि नंतर तोंडात काही उरलेच नाही. पाणी दोन मिनिटांच्या आतच खाली उतरून गेले. दळण मी नेहमीचेच ठेवले होते, कारण बारीक केल्यास कडू होईल अशी भीती वाटली. बिया मध्यम भाजणीच्या आहेत. आपण काय सुचवाल?

पारंबी:

सोनचाफा, आपण दिलेल्या वर्णनातच उत्तर आहे. दोन मिनिटांच्या आत पाणी उतरले, आंबटपणा टोकदार आहे आणि मागे चव राहत नाही, या तिन्ही खुणा अर्क अपुरा उतरल्याच्या आहेत. पुढच्या वेळी बाकी काहीही न बदलता फक्त दळण एक खूण बारीक करावे. एकाच वेळी दळण, तापमान आणि प्रमाण असे तिन्ही बदलले, तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

कडवटपणाची भीती समजू शकते, पण थंड कॉफीत तिला थोडे मागे ठेवावे लागते. थंड पेयात गोडवा जिभेला कमी जाणवतो. गोड चव ओळखणाऱ्या पेशींतला एक प्रथिनमार्ग तापमानाबरोबर अधिक सक्रिय होतो, हे २००५ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. गरम असताना जो आंबटपणा गोडव्याने सावरलेला वाटतो, तोच गार झाल्यावर उघडा पडतो. म्हणून बर्फाच्या कॉफीत अर्क गरम कॉफीपेक्षा जरा पुढे नेलेलाच बरा.

बारीक करताना कुठे थांबायचे, हे चोथ्याकडे पाहून कळते. शेवटचे पाणी उतरल्यावर चोथ्याचा पृष्ठभाग सपाट असावा आणि त्यावर ओलसर वाळूसारखे कण वेगवेगळे दिसावेत. पृष्ठभागावर चिखलासारखा गुळगुळीत थर जमला असेल, मध्ये पाणी तुंबले असेल आणि वेळ चार मिनिटांच्या पुढे गेला असेल, तर आपण गरजेपेक्षा बारीक दळले आहे. अशा कॉफीने जीभ कोरडी पडते. भिंतीला पूड उंच चिकटलेली आणि मध्ये खोल खड्डा दिसला, तर धार एकाच जागी जोरात पडते आहे. शेवटच्या धारेनंतर ड्रिपर हातात धरून एकदा हलकेच गोल फिरवला की चोथा सपाट बसतो.

आणखी एक गोष्ट बर्फाच्या कॉफीपुरतीच आहे. कॉफी उतरत असताना सर्व्हरमध्ये पाहिले, तर वरचा बर्फ विरघळत जातो, पण तळाशी गेलेले गार पाणी तिथेच राहते आणि गरम कॉफी त्याच्या वर थर करून बसते. उतरणे संपल्यावर ड्रिपर बाजूला काढून सर्व्हर दहा-पंधरा सेकंद गोल फिरवावा, मगच चव घ्यावी. न मिसळता पहिला घोट घेतला, तर प्रमाणाविषयी चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

चौकस:

सर्व्हर तडकण्याचा मुद्दा वर आला होता, त्यावर थोडे सविस्तर सांगाल का? उकळत्या पाण्याची कॉफी सरळ बर्फावर पडते आहे, हे पाहून माझा हात थांबतो.

तळटीप:

या प्रश्नाचे उत्तर मी देतो. कॉफीचे चांगले सर्व्हर बोरोसिलिकेट काचेचे असतात. ही काच तापमानाने फार थोडी प्रसरण पावते. साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे एक भाग गरम आणि शेजारचा गार झाला, तरी तिच्यात ताण कमी निर्माण होतो. शिवाय कॉफी थेंबाथेंबाने किंवा बारीक धारेने बर्फावर पडते आणि काचेला लागेपर्यंत बरीच गार झालेली असते. साध्या काचेची बरणी किंवा पाण्याचा पेला मात्र या कामाला अजिबात वापरू नये. काच कोणती आहे याची खात्री नसेल, तर स्टीलचा मग किंवा जाड पातेले घ्यावे. बोरोसिलिकेट असली, तरी जिला चरा गेलेला आहे किंवा कडेचा टवका उडाला आहे अशी काच वापरू नये. तडा तिथूनच सुरू होतो. कागद भिजवताना तापलेला रिकामा सर्व्हर लगेच बर्फाने भरण्याऐवजी साध्या पाण्याने एकदा विसळून घेतलेला बरा.

दवबिंदू:

बर्फाऐवजी स्टीलचे थंड करून ठेवायचे चौकोनी ठोकळे मिळतात. ते वापरले तर पाणी वाढण्याचा प्रश्नच मिटेल ना?

तळटीप:

पाणी वाढणार नाही, पण कॉफीही गार होणार नाही. बर्फाची ताकद त्याच्या गारपणात फारशी नसते. ती वितळण्यात असते. स्टील वितळत नाही, आणि एका ग्रॅमला एक अंश वाढायला त्याला जेमतेम ०.१२ कॅलरी लागते. १२० ग्रॅम स्टील उणे १८ वरून ८ अंशांवर येताना सुमारे ३७५ कॅलरी घेईल; तेवढ्याच वजनाचा बर्फ वितळून ८ अंशांवर येताना साडेअकरा हजारांहून अधिक घेतो. म्हणजे तीस पटींचा फरक आहे. आधीच गार असलेले पेय थोडा वेळ गार ठेवायला ते ठोकळे ठीक आहेत.

सोनचाफा:

दळण एक खूण बारीक केले आणि वेळ पावणेतीन मिनिटांवर आला. आंबटपणा राहिला, पण तो आता टोचत नाही, आणि गार झाल्यावर मागे मधासारखी चव राहते. मनापासून आभार. दुधाची आवड असलेल्या घरच्यांसाठी हीच कृती कशी बदलावी? साखर कधी घालावी, हेही सांगावे.

पारंबी:

वाचून फार बरे वाटले. दुधासाठी तत्त्व तेच आहे: दूध हेही मुख्यतः पाणी, म्हणून तेही हिशेबात धरायचे. २० ग्रॅम कॉफी, १६० ग्रॅम गरम पाणी आणि ८० ग्रॅम बर्फ घ्यावा. खाली १२० ग्रॅम कॉफी उतरून बर्फासह २०० ग्रॅम होते आणि बारा अंशांच्या आसपास येते. तिच्यात फ्रिजमधले ८० ग्रॅम गार दूध घातले की पेय दहा अंशांवर जाते. पुढचा गारवा पेल्यातल्या बर्फाने येतो. गरम पाणी आता फक्त आठ पट असल्यामुळे दळण आणखी थोडे बारीक लागेल. मध्यम ते गडद भाजणीच्या बिया इथे अधिक शोभतात, कारण हलक्या भाजणीचा फळांसारखा आंबटपणा दुधाशी जुळत नाही. दूध कॉफी गार झाल्यावरच घालावे.

साखर गार पेयात फार हळू विरघळते आणि तळाशी बसते.  म्हणून सर्व्हरमध्ये बर्फाखाली साखर न घालता, ती पाण्यात सम प्रमाणात विरघळवून पाक करून ठेवावा आणि पेल्यात घालावा. पाकातले पाणी मोजायला विसरू नये; २० ग्रॅम पाकात १० ग्रॅम पाणी असते.

रानवारा:

गडद भाजणीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. त्या बियांसाठी उकळते पाणी फार होते. ८८ ते ९० अंशांचे पाणी आणि नेहमीचेच दळण ठेवले, तरी अर्क पुरेसा उतरतो, कारण अधिक भाजलेली बी ठिसूळ व सच्छिद्र असते. वरची बारीक दळणाची सूचना हलक्या आणि मध्यम भाजणीपुरती घ्यावी, आणि दुधाच्या कृतीतही गडद बियांसाठी जरा सांभाळूनच बारीक करावे.

पारंबी:

ही मर्यादा मूळ लेखातच यायला हवी होती. आपण ती नेमकी सांगितलीत.

चौकस:

दोन शेवटचे प्रश्न. चार जणांसाठी करायची असेल तर? आणि माझ्या एका स्नेह्यांकडे वजनकाटा नाही, त्यांनी काय करावे?

पारंबी:

दीडपटीपर्यंत, म्हणजे ३० ग्रॅम कॉफी, ३०० ग्रॅम पाणी आणि १८० ग्रॅम बर्फ, हे मोठ्या आकाराच्या ड्रिपरमध्ये व्यवस्थित होते. पूडीचा थर जाड झाल्यामुळे पाणी हळू उतरते, म्हणून दळण किंचित जाड करावे. त्यापुढे एकाच वेळी करण्यापेक्षा दोनदा करणे चांगले. १९४१ मध्ये पीटर श्लुमबोम यांनी तयार केलेले केमेक्स (ड्रिपर आणि सर्व्हर एकत्र असलेले काचेचे भांडे) ज्यांच्याकडे आहे, त्यांना मोठे प्रमाण सोपे जाते, कारण तिथे बर्फ त्याच भांड्याच्या पोटात बसतो. त्याचा कागद जाड असल्याने वेळ जास्त लागतो हे मात्र धरून चालावे. कोणतेही भांडे असो, बर्फाचा ढीग ड्रिपरच्या तोंडाला टेकता कामा नये. तुकड्यांमध्ये पोकळी राहत असल्यामुळे १८० ग्रॅम बर्फ तेवढ्याच पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जागा व्यापतो, म्हणून सर्व्हर अंदाजापेक्षा मोठा घ्यावा.

याच पोकळीमुळे बर्फ वाटीने मोजता येत नाही. काटा नसेल, तर मोजमाप बर्फ होण्याआधी करावे: १२० मिलिलिटर पाणी मापाच्या पेल्याने मोजून साच्यात ओतावे आणि तो सगळा बर्फ एका वेळी वापरावा. गरम पाणीही मापाच्या भांड्यात २०० मिलिलिटर घेऊन किटलीत उकळावे. वाफेने थोडे कमी होते, म्हणून दहा-पंधरा मिलिलिटर जास्त घ्यावे. कॉफी चमच्याने मोजावी लागेल. चमचा नेहमी एकच वापरावा आणि सपाट भरावा. बिया बदलल्या की तोच चमचा वेगळे वजन देतो, कारण गडद भाजलेली बी हलकी असते. तेव्हा तिचे अर्धा चमचा जास्त घेऊन पाहावे.

उरलेली कॉफी बर्फ काढून, झाकणाच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवावी आणि त्याच दिवशी संपवावी. दुसऱ्या दिवशी ती खराब झालेली नसते, पण ज्या सुगंधासाठी बर्फावर गाळली, तो तिच्यात राहिलेला नसतो.